एका वाक्याचे पाच मालक

"मोहिते, तुमच्या टीममधले पाच जण म्हणजे एकच माणूस आहे का?"

वसंती मॅडमचा फोन होता. त्या आमच्या कंपनीच्या क्लाउड विभागाच्या प्रमुख. माझ्या लोकांच्या मुलाखती ज्या पॅनलपुढे चालल्या होत्या, त्या पॅनलच्याही प्रमुख त्याच. मी चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो.

"का मॅडम?"

"पाचही प्रोफाइलमध्ये एकच वाक्य आहे. स्वल्पविरामासकट. चौघांना बोलावून विचारलं, हे कसं केलंत ते सांगा. एकालाही सांगता आलं नाही. पाचवीला मी बोलावतच नाही. पाचही नावं एचआरकडे पाठवतेय. खोटी माहिती दिली म्हणून."

पाचवी म्हणजे सुगुणाबाई. आणि ते वाक्य त्यांचं होतं.

मी डबा तसाच बंद केला.

थोडं मागचं सांगावं लागेल. आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर एका परदेशी ग्राहकाचे सर्व्हर होते. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू राहणारे मोठे कम्प्युटर, थंड खोलीत लोखंडी कपाटांत रचलेले. ते सांभाळायचं, म्हणजे दिवसभर त्यांच्या स्क्रीन बघायचं काम माझ्या टीमचं. मग ग्राहकाने ठरवलं की स्वतःची खोली नको, क्लाउडवर जायचं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नसतो. दुसऱ्या कुणाच्या तरी फार मोठ्या सर्व्हरखोलीतली भाड्याची जागा. बंगला विकून लॉजवर राहायला जावं तसं. लॉजवर गेलेल्या माणसाला माळी लागत नाही. आम्ही माळी होतो.

माझ्या टीमपुढे दोन वाटा होत्या. कंपनीच्याच क्लाउड विभागाची मुलाखत पास व्हायची, नाहीतर बेंचवर जायचं. बेंच म्हणजे पगार चालू, काम नाही. ऐकायला बरं वाटतं. पण दोन महिन्यांत नवं काम मिळालं नाही तर रिलीज. आमच्या धंद्यात कुणाला काढत नाहीत, मोकळं करतात. आणि 'खोटी माहिती' असा शेरा बसला, तर बेंचसुद्धा नाही. थेट बाहेर. पुढच्या कंपनीने चौकशी केली की तो शेरा तिथेही पोचतो.

सुगुणाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी नुसत्या स्क्रीन बघायच्या कामावर बाहेर कुणी घेत नाही. त्यांचा नवरा एन्नोरला कंत्राटी कामावर. काम असलं तर असलं. घर सुगुणाबाईंच्या पगारावर चालायचं. मुलगी बारावीला होती.

त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्या घरांत 'बाई' हे जवळजवळ आडनावच असतं. कंपनीच्या ओळखपत्रावरही तसंच. टीममधली पोरं त्यांना अक्का म्हणायची. मी बार्शीचा, चेन्नईत येऊन वीसेक वर्षं झाली. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारं माणूस एकच, त्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, चाल तमिळची. इथे सरला 'सार' म्हणतात, तसंच त्याही मला म्हणायच्या.

त्यांचा रेझ्युमे सुधारायला आम्ही पॅनलच्या आधीच्या आठवड्यात बसलो होतो. चार पानी होता. त्यात वडिलांचं नाव होतं, रक्तगट होता, टायपिंगची हायर परीक्षा होती. शेवटी 'वरील माहिती खरी आहे असे मी जाहीर करते' हे होतंच. आणि प्रत्येक कामाची सुरुवात 'वरिष्ठांच्या सूचनेनुसार' अशी.

"सुगुणाबाई, सगळंच वरिष्ठांच्या सूचनेनुसार केलं, तर तुम्ही काय केलं?"

"सूचना ऐकल्या कीं."

"क्लाउडचं काहीच केलं नाही कधी?"

"तसं नाही, सार. पण ते कामांत येतं का, ठाऊक नाही."

मग जे सांगितलं, ते असं. सर्व्हरवरच्या माहितीची रोज नक्कल काढतात. तिला बॅकअप म्हणतात. आमच्याकडे ती टेपवर निघायची आणि टेपची पेटी व्हॅनमधून गुम्मिडिपूंडीच्या एका गोदामात जायची. इथे आग लागली, पाणी शिरलं, तर नक्कल लांब असलेली बरी. एका नोव्हेंबरच्या पावसात रस्ते बुडाले आणि व्हॅन आलीच नाही. पेटी रिसेप्शनच्या टेबलाखाली पडून राहिली.

"ती पेटी मी रोज जाऊन बघायची, सार. खालच्या मजल्यांत पाणी आलं कीं अस्सल पण जाणार, नक्कल पण जाणार."

त्यांनी ग्राहकाकडून परवानगी काढली. फक्त चाचणीच्या सर्व्हरपुरती. माझ्याकडूनही सही घेतली होती म्हणे. मला आठवत नव्हतं. ऑफिसच्या बसमध्ये बसून, तिरुवोट्रियूरच्या घरापासून शोळिंगनल्लूरपर्यंत, त्या मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकल्या. मग स्क्रिप्ट लिहिल्या. स्क्रिप्ट म्हणजे कम्प्युटरला दिलेली कामांची चिठ्ठी, हे कर, मग ते कर. त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे नक्कल टेपऐवजी क्लाउडवर जायला लागली. आणि दर आठवड्याला त्यातली एक प्रत त्या परत खाली उतरवून उघडून बघायच्या.

"उघडून कशाला?"

"उघडून बघितल्याशिवाय नक्कल आहे म्हणून नुसतं म्हणायचं? कुलूप लावून ओढून बघतो कीं नाही आपण?"

"मग हे रेझ्युमेत का नाही लिहिलं?"

"ग्राहकानं बिल दिलं नाही त्याचं. बिल नाही ते काम कसं?"

आमच्या धंद्यात माणसाचा प्रत्येक तास कुणाच्या तरी बिलावर असतो. बिलावर नसलेला तास आम्ही केलाच नाही असं आम्हालाही वाटायला लागतं. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि थोडा उत्साहही आला. बऱ्याच दिवसांनी.

मी वाक्य लिहिलं. मूळ इंग्रजीत. मराठीत साधारण असं: टेपवरचा बॅकअप स्वतः स्क्रिप्ट लिहून क्लाउडवर हलवला, आणि दर आठवड्याला एक प्रत परत उतरवून ती उघडते का ते तपासलं. हे वाक्य सगळ्यात वर ठेवलं. रक्तगट काढला, वरिष्ठ काढले. चार पानांचं दीड पान झालं. सुगुणाबाईंनी ते दोनदा वाचलं.

"ही बाई कोण, सार? हिला मीच नोकरी देईन."

इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पॅनलच्या आदल्या दिवशी दुपारी माझे साहेब, राघवन, माझ्या टेबलाशी आले. आमच्या सगळ्या प्रोजेक्टचे प्रमुख.

"मोहिते, बाकीचे चार प्रोफाइल?"

"दोन दिवस द्या, सर. एकेकाशी बसायला हवं."

"बसायचं काय त्यात? पॅनल उद्या आहे. किती लोक दुसरीकडे लागले, तो आकडा मला शुक्रवारी वर द्यायचाय. त्यात तुमचा आकडा सगळ्यात वाईट आहे. सुगुणाचं चांगलं झालंय ना? तसंच करा सगळ्यांचं."

'तसंच' म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

चौघांना बोलावलं. प्रभू त्यातला एक. तिशी ओलांडलेला, घरात सहा महिन्यांचं बाळ.

"प्रभू, तू नेमकं काय काय केलंस इथे?"

"अलार्म वाजला की फोन करायचो, सर."

"आणखी?"

"जोरात वाजला की पळत जायचो."

बाकीचे हसले. मीही हसलो. त्यात खोटं काही नव्हतं. अलार्म वाजला की पळत जाणारा माणूस लागतोच. पण क्लाउडमध्ये तो अलार्म दुसऱ्याच्या खोलीत वाजतो. उरलेल्या तिघांची उत्तरंही त्याच जातीची.

संध्याकाळपर्यंत प्रोफाइल, म्हणजे पॅनलसाठीचे रेझ्युमे, माझ्या सहीने पाठवायचे होते. मी थकलो होतो. त्या महिन्यात प्रत्येक शुक्रवारी कुणाला ना कुणाला केबिनमध्ये बोलावून 'मोकळं' केलं होतं. या चौघांना मी शब्द दिला होता, बघतो काहीतरी. मी सुगुणाबाईंचं वाक्य उचललं आणि चौघांच्या प्रोफाइलमध्ये वर ठेवलं. मनाशी म्हटलं, प्रोजेक्ट टीमचा, काम टीमचं. दोनचार शब्द इकडेतिकडे करायचे होते. तेवढंही केलं नाही. चौघांना सांगितलं, "अक्काकडून जरा समजून घ्या." तिघांनी मान हलवली. प्रभू म्हणाला, "सर, पण हे मी..." मी म्हटलं, "अरे, टीमचंच आहे."

अक्काकडे कुणी गेलं नाही. वेळच कुठे होता?

पॅनल नावांच्या क्रमाने बोलावत होतं. सुगुणाबाईंचा नंबर शेवटी. म्हणजे ज्यांचं वाक्य, त्यांच्या आधी चार जण तेच वाक्य घेऊन आत गेले आणि पडले. वसंती मॅडमना पाचवा प्रोफाइल पाचवी चोरी वाटला. कुणालाही वाटलं असतं.

फोन ठेवल्यावर मी सुगुणाबाईंना शोधलं. कॉफी मशीनपाशी उभ्या होत्या. मुलाखतीसाठी चांगली साडी नेसून आल्या होत्या. मी तिथेच सगळं सांगितलं. बसून सांगायला हवं होतं, पण बसलो असतो तर बोललो नसतो.

त्यांनी कप खाली ठेवला.

"माझं वाक्य होतं ते, सार?"

"हो."

"मग त्यांना कां दिलं?"

"त्यांच्याकडे लिहायला काही नव्हतं, सुगुणाबाई."

"माझ्याकडे पण तेवढंच होतं कीं."



"मी वसंती मॅडमकडे जातो," मी म्हटलं.

"जाऊन काय बोलणार?"

"झालं ते सांगणार. काम तुमचं आहे, तुम्ही किती..."

"माझं कौतुक करूं नका," त्या मध्येच म्हणाल्या. "तुम्ही कौतुक केलं कीं त्यांना परत संशय येईल."

जाण्याआधी राघवन साहेबांच्या कानावर घालणं भाग होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी मला शहाणपणाचा सल्ला दिला.

"तोंडी बोला. मेल करू नका. मेल झाला की मॅनेजरने प्रोफाइल बनवले असं कागदावर येतं. मग एचआर आत्तापर्यंतचे सगळे प्रोफाइल उघडेल. फक्त तुमचे नाही."

"आणि त्या पाच जणांचे शेरे?"

"बघू. थोडे दिवस जाऊ द्या."

खरं सांगायचं तर लिफ्टपर्यंत जाताना मला त्यांचं पटलं होतं. क्लाउड विभाग पलीकडच्या इमारतीत. मधे पार्किंगचं मोठं मैदान, दुपारचं ऊन. ते ओलांडताना मी दोन प्रकारचं बोलणं तयार केलं. एक खरं, एक बरं.

वसंती मॅडमनी बसा म्हटलं नाही.

"मॅडम, ते वाक्य सुगुणाबाईंचं आहे. बाकीच्यांच्यात मी घातलं."

"हे तुम्ही आज म्हणताय. काल तुम्हीच पाच सह्या करून पाठवलंत की पाचही जणांचं आहे. मी कुठल्या मोहितेंचं ऐकू? कालच्या की आजच्या?"

मी उभाच होतो.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आत घेतलं त्याचं कारण तुम्ही नाही. सकाळी त्या चौघांतला एक जण बोलला. प्रभू. मी विचारलं, हे कसं केलं? तीन जण काहीतरी सांगत सुटले. हा म्हणाला, मी नाही केलं मॅडम, अक्कांनी केलंय. सरांनी घातलं, मला त्यांना नाही म्हणता आलं नाही."

"मग तुम्ही फोनवर..."

"तेव्हा मला वाटलं, सापडल्यावर एकमेकांवर ढकलतायत. तुम्ही स्वतःहून आलात म्हणून आता विश्वास ठेवतेय. अर्धा."

"मग प्रभूचं काय, मॅडम? तो खरं बोलला."

"बोलला. खरं बोललं म्हणून क्लाउड येतो का?"

त्या वाईट बाई नव्हत्या. बिलावर न चालणारी माणसं घेतली तर त्यांनाही वर उत्तर द्यावं लागत होतं. त्यांनी सांगितलं, लेखी मेल पाठवा. कुणी लिहिलं, कुणाला न विचारता लिहिलं, सगळं. एचआरला कॉपी, राघवनना कॉपी. मग शेरे काढायला सांगते. सुगुणाबाईंची मुलाखत घेते. पण त्यांनी रेझ्युमे स्वतः लिहून आणायचा. "तुमचा हात त्याला लागता कामा नये. लागला तर मला कळेल."

मेल मी त्यांच्याच मजल्यावर एका रिकाम्या टेबलाशी बसून लिहिला. परत मैदान ओलांडून माझ्या खुर्चीत गेलो असतो तर लिहिला नसता. मी स्वतःला ओळखतो. पाठवल्यावर दोन मिनिटांत राघवन साहेबांचा फोन.

"झालं समाधान?"

"नाही, सर."

"आता तुमचं अप्रेझल मी कसं वाचवू?"

"नका वाचवू."

"मोहिते, हे शहाणपण प्रोफाइल पाठवायच्या आधी सुचलं असतं, तर सगळ्यांचं भलं झालं असतं."

हे मात्र त्यांचं अगदी खरं होतं.

सुगुणाबाईंनी रेझ्युमे घरी लिहिला. मी तो आजवर पाहिलेला नाही. दोन दिवसांनी मुलाखत झाली. ती संपल्यावर त्या ऑफिसच्या बसकडे निघाल्या होत्या. मी जिन्यात गाठलं.

"कशी झाली?"

"दोन प्रश्न आले नाहीत. येत नाही म्हणून सांगितलं."

"आणि बाकी?"

"मोठी चूक कुठली केली म्हणून विचारलं. जुन्या नकला पुसताना एकदां नवी पुसली होती, तें सांगितलं."

"ते कशाला सांगितलंत?"

"विचारलं कीं, सार."

मला वाटलं, संपलं. पण त्यांना घेतलं. एक ग्रेड खाली. पगार तोच, पण वर्षभर वाढ नाही. ग्राहक अमेरिकेतला, म्हणजे रात्रपाळी. त्यांच्या वर असलेली लीड त्यांच्या मुलीपेक्षा फार मोठी नाही, आणि त्यांना नुसतं सुगुणा म्हणते. त्यांनी सही केली. घर चालू राहिलं.

शेरे सगळ्यांचे निघाले. उरलेले चौघे बेंचवर गेले. दोघांना दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तेच स्क्रीन बघायचं काम मिळालं. दोघे मोकळे झाले. त्यातला एक प्रभू. हल्ली तो गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात सीसीटीव्हीच्या खोलीत बसतो. मी त्याला कळवलं होतं, शिफारसपत्र हवं असेल तर सांग. त्याचं उत्तर आलं, "नको सर. इथे रेझ्युमे मागितलाच नाही." तो टोमणा होता की साधी माहिती, हे मी बरेच दिवस ठरवत होतो. तो टोमणे मारणारा माणूस नाही. म्हणून जास्त लागलं.

माझं त्या वर्षीचं अप्रेझल, म्हणजे पगारवाढ ठरवणारं मूल्यमापन, व्हायचं तसं वाईटच झालं. कंपनीने नवा नियम काढला, की मॅनेजरने कुणाचा प्रोफाइल लिहायचा नाही. सगळे मॅनेजर माझ्यावर नाराज झाले. काही महिन्यांनी नियम सगळे विसरले. आता लोक पुन्हा लिहून घेतात.

सुगुणाबाई अधूनमधून भेटतात, त्यांची पाळी सुरू होताना, माझी संपताना. हसतात. तब्येत विचारतात. पूर्वी लिफ्टमध्ये दोघंच असलो की मराठी बोलायच्या, आणि तिसरं माणूस आलं की तमिळवर जायच्या. आता दोघंच असलो तरी तमिळ. मी एकदा मराठीत विचारलं, मुलगी काय करते? त्यांनी तमिळमध्ये उत्तर दिलं. नीट, सविस्तर. चूक काढावी असं त्यात काही नव्हतं.

क्लाउडमध्ये जायचं म्हणून माझ्याकडे अजूनही लोक रेझ्युमे घेऊन येतात. आतल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक नसतात. मी पानं कमी करून देतो. रक्तगट काढून टाकतो. मग एकच विचारतो, तुम्ही स्वतः काय केलं? कित्येकांकडे उत्तर नसतं. ते खाली बघत बसतात आणि मी काहीतरी सुचवीन म्हणून वाट बघतात. मला सुचतंही. चांगली वाक्यं मला अजून सुचतात. मी बोलत नाही. दोघंही तसेच बसून राहतो, आणि शेवटी ते उठून जातात. बाहेर जाऊन सांगतात, मोहितेंकडे काही उपयोग नाही.